लोहचुंबक कोणाच्या हातात?

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी इंग्रजी शाळेच्या पटावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढले. ती शाळा आज छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. त्या वर्गात हा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर सर्वांपासून वेगळा बसत असे. तहान लागली तर नळाची तोटी त्याला स्वतःच्या हाताने फिरवण्याची मुभा नव्हती. शिपायाने तोटी उघडली तर पाणी, शिपाई जागेवर नसेल तर तहान तशीच घेऊन बसायचे. बाबासाहेबांनी ही हकिकत पुढे स्वतःच्या लेखणीने लिहून ठेवली आहे. पाणी होते, नळ होता, तोटीही होती. फक्त तोटीला हात लावण्याचा अधिकार नव्हता.

महाराष्ट्र सरकारने २०१७ साली ७ नोव्हेंबर हा ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून जाहीर केला. त्या दिवशी शाळाशाळांतून भाषणे होतात, निबंध स्पर्धा होतात, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातले जातात. हे व्हायलाच हवे. पण हार घालून झाल्यावर एक प्रश्न विचारण्याची आमची इच्छा आहे. त्या तोटीचे पुढे काय झाले? आज कोणी मास्तर आमच्या मुलाला ‘हात लावू नकोस’ असे तोंडावर म्हणणार नाही; राज्यघटनेचा तेवढा धाक नक्कीच आहे. पण विज्ञानाचे साहित्य कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली कोणाकडे हे कोणालाच ठाऊक नाही, अशा शाळा आमच्या वाचकांनी पाहिलेल्या नाहीत काय? प्रयोग झालाच तर तो गुरुजींच्या टेबलावर होतो. पुढच्या बाकावरच्यांना दिसतो, मागच्यांना गुरुजींची पाठ दिसते. प्रयोग पाहणे आणि प्रयोग करणे यांत जे अंतर आहे, ते गोणपाट आणि बाक यांतल्या अंतराइतकेच मोठे आहे, असे आमचे मत आहे.

हा विषय आज काढण्याचे कारण एक साधा वर्गप्रयोग आहे. परदेशातल्या शाळांतून मुलांना अभियांत्रिकीची ‘आव्हाने’ दिली जातात. त्यांत शिक्षक कृती सांगत नाही, अडचण सांगतो. साहित्य समोर ठेवतो आणि बाजूला होतो. मुलांनी गटात बसून आराखडा करायचा, करून पाहायचे, फसायचे, पुन्हा करायचे. अशाच एका आव्हानाचा विषय आहे, लोहचुंबकाच्या साहाय्याने शरीरातल्या पेशी कशा हलवता येतील त्याचा नमुना बनवणे. नाव ऐकून घाबरण्याचे कारण नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या कोणत्याही वस्तीत हे करता येईल, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

एका पसरट प्लॅस्टिकच्या ताटात पाणी घ्यायचे. आपल्याकडची पोरे ज्वारीच्या धाटाच्या गाड्या करतात, त्याच धाटातला पांढरा हलका गाभा काढून हरभऱ्याएवढे तुकडे करायचे. निम्म्या तुकड्यांत लोखंडी टाचणीचा बारीक तुकडा पूर्ण आत खुपसायचा, निम्मे तसेच ठेवायचे आणि सगळे पाण्यावर सोडून द्यायचे. वरून पाहून कोणता कोणता हे कळता कामा नये. हे तुकडे म्हणजे रक्तातल्या पेशी. टाचणीवाल्या त्या आजारी पेशी, बाकीच्या निरोगी. आता बिघडलेल्या स्पीकरमधून काढलेले लोहचुंबक ताटाखाली किंवा कडेला धरून, पाण्याला बोट न लावता, सगळ्या आजारी पेशी एका कोपऱ्यात आणायच्या. निरोगी पेशी एकही तिकडे येता कामा नये. किती वेळ लागला, किती चुका झाल्या, हे वहीत लिहायचे.

आम्ही हा प्रयोग स्वतः करून पाहिला तेव्हा पहिल्या फेरीत फजितीच झाली. चुंबक फार जवळ नेले की दोन-तीन तुकडे एकदम झेपावतात, एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो आणि त्या गोळ्याच्या पोटात एखादा निरोगी तुकडाही अडकून येतो. थोडे दूर धरले तर काहीच हलत नाही, कारण अंतर जरासे वाढले की चुंबकाची ओढ झपाट्याने कमी होते. घाईने ओढले तर तुकडा मागेच सुटतो. मग माणूस विचार करू लागतो. चुंबकाला एक लोखंडी खिळा चिकटवला की ओढ खिळ्याच्या टोकाशी एकवटते आणि तुकडे एकेक करून वेचता येतात. ताटाऐवजी उभी चिरलेली पाइप घेऊन तिला उतार दिला आणि पाणी वाहते ठेवले, तर निरोगी तुकडे पाण्याबरोबर पुढे जातात आणि चुंबक फक्त टाचणीवाल्यांना अडवून धरते. मात्र पाण्याचा वेग नेमका साधावा लागतो.

हा वेग साधण्याची अक्कल आमच्या मुलांना कुठून येणार, असे कोणी विचारील. कृष्णाकाठच्या उसात रात्रीच्या विजेवर दारे धरणाऱ्या मजुराच्या पोराला पाटाचे पाणी कुठे अडवायचे, कुठे फोडायचे, हे शिकवावे लागत नाही. विटा, आटपाडी, खटाव, माण या दुष्काळी भागातली माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. सोन्या-चांदीतला हीण वेगळा काढणे हेच त्यांचे काम. मिसळलेल्यातून हवे ते निवडून काढण्याची विद्या या मातीत जुनीच आहे. तिला विज्ञानाच्या वर्गात कोणी विचारले नाही, एवढेच.

आता हा खेळ खऱ्या विज्ञानाशी कसा जोडला जातो ते पाहू. नॉर्वेचे रसायनशास्त्रज्ञ योन उगेलस्टाड यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस अगदी एकसारख्या आकाराचे सूक्ष्म प्लॅस्टिकचे गोल मणी बनवण्याची रीत शोधली. पुढे अशा मण्यांत लोहाचे ऑक्साइड भरले गेले आणि वर प्रतिपिंडांचा थर दिला गेला. प्रतिपिंड म्हणजे ठरावीक पेशीच्या पृष्ठभागावरची ठरावीक खूण ओळखून तिलाच चिकटणारे प्रथिन. रक्तात असे कण सोडले की ते हव्या त्या पेशींनाच चिकटतात. मग ती नळी चुंबकाजवळ धरली की चिकटलेल्या पेशी थांबतात, बाकीचे रक्त वाहून जाते. जर्मनीत श्टेफान मिल्टेनी यांनी याहूनही बारीक कण वापरून पेशी निवडण्याचे तंत्र विकसित केले आणि १९८९ मध्ये त्यासाठी कंपनी काढली. आज जगभरच्या प्रयोगशाळांत ते वापरले जाते. आपल्याजवळचे उदाहरण हवे असेल तर पुण्यातल्या अॅक्टोरियस या कंपनीने रक्तात भटकणाऱ्या कर्करोगाच्या मोजक्या पेशी चुंबकीय कणांनी पकडण्याची चाचणी तयार केली आहे. ज्वारीच्या धाटाचा गाभा आणि टाचणी हे त्याच तंत्राचे गावठी रूप आहे.

आणि हा प्रश्न आमच्या रक्ताचा आहे, हे आम्ही अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. विदर्भात आदिवासी आणि बौद्ध समाजात सिकलसेल हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि पोर वेदनेने तळमळते. या आजारावर डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत जनुक दुरुस्त करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली. त्याच्या महिनाभर आधी ब्रिटनने दिली होती. या उपचारात रुग्णाच्या रक्तातून मूळपेशी निवडून घेतात, त्यांच्यातल्या जनुकात बदल करतात आणि त्या पुन्हा रुग्णाच्या शरीरात सोडतात. त्या मूळपेशी निवडण्याचे काम चुंबकच करते. अमेरिकेत या उपचाराची जाहीर किंमत आहे २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने १८ कोटी रुपयांच्या आसपास. नागपूरच्या वस्तीतल्या किंवा मेळघाटातल्या आईबापाने हा आकडा ऐकून काय करावे? भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली; तपासणी होते, कार्डे वाटली जातात. दिल्लीच्या सरकारी संशोधन संस्थेत स्वस्त उपचारावर कामही चालू आहे. त्याचे स्वागतच आहे. पण आमचा प्रश्न वेगळा आहे. रक्ताचा नमुना देणारे आम्ही, कार्डावर नाव आमचे, आजार आमचा. आणि प्रयोगशाळेत चुंबक हातात धरणाऱ्यांत आमची मुले किती? ज्याच्या अंगात आजार आहे त्याच्या घरातले माणूस जोवर संशोधनाच्या टेबलाशी बसत नाही, तोवर उपचाराची किंमत दुसरेच ठरवणार आणि आम्ही रांगेत उभे राहणार.

या प्रयोगाने दुसरेही एक काम होते. रक्तात लोह असते, म्हणून चुंबक रक्ताला ओढते, म्हणून चुंबकाचे कडे घाला, चुंबकाच्या गादीवर झोपा, सांधेदुखी जाईल, रक्तदाब उतरेल, असा धंदा बाजारात वर्षानुवर्षे चालू आहे. आमच्याच वस्त्यांतली कष्टकरी माणसे दुखऱ्या गुडघ्यापायी त्यात पैसे घालवतात. खरी गोष्ट काय आहे? रक्तातले लोह खिळ्यातल्या लोखंडासारखे नसते. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियेल यांनी १९३६ मध्येच दाखवून दिले की प्राणवायू घेतलेले रक्त चुंबकाकडे ओढले जात नाही, उलट अगदी किंचित दूर ढकलले जाते. प्राणवायू सोडलेले रक्त ओढले जाते, पण तेही अतिशय क्षीणपणे. म्हणून तर प्रयोगशाळेत पेशींना बाहेरून चुंबकीय कण चिकटवावे लागतात आणि आपल्या नमुन्यात टाचणी खुपसावी लागते. मलेरियाच्या जंतूने पोखरलेल्या तांबड्या पेशी मात्र विशेष यंत्रात चुंबकाने वेगळ्या काढता येतात, कारण जंतू रक्तद्रव्य खाऊन जे स्फटिक मागे टाकतो त्यांना चुंबकाची ओढ असते. ज्या मुलाने टाचणी नसलेला तुकडा चुंबकाने हलत नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, त्याच्या आईला चुंबकाचे कडे विकणे सोपे नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकर याच मातीतले. जन्म साताऱ्याचा, शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात, कार्याचे ठाणे पुन्हा साताऱ्याला. १९८९ पासून त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती चालवली आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायदा भोंदूला पकडतो. भोंदूकडे जाणारे पाऊल थांबवण्याचे काम शाळेनेच करायचे असते. तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी ‘एहि पस्सिको’, या आणि स्वतः पाहा, असा धम्म सांगितला. आमच्या मुलांना विहारात हे सांगितले जाते आणि शाळेत मात्र ‘हे पाठ कर’ असे सांगितले जाते, ही विसंगती आम्हाला टोचते. भारतीय राज्यघटनेच्या कलम ५१क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य म्हणून १९७६ साली समाविष्ट झाले. कर्तव्य सांगायचे आणि साधन द्यायचे नाही, याला काय म्हणावे?

काही कार्यकर्ते म्हणतील, आमच्यापुढे शिष्यवृत्ती रखडल्याचा, वसतिगृहांचा, नोकऱ्यांच्या अनुशेषाचा प्रश्न असताना तुम्ही हे चुंबकाचे खेळणे कुठे घेऊन बसलात? त्यांना आम्ही बाबासाहेबांकडेच नेऊ. ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. कला आणि कायद्याच्या शिक्षणाने आपल्या लोकांचे फारसे भागणार नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, असे त्यांनी त्यात बजावले. हे शिक्षण महाग आहे, गरिबाला झेपणारे नाही, म्हणून सरकारने खर्च उचलावा, त्यासाठी देशातल्या आणि परदेशातल्या शिक्षणाला शिष्यवृत्त्या द्याव्यात, अशी त्यांची मागणी होती. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. स्वतः अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेला माणूस हे सांगत होता, यातच त्याचे गांभीर्य आहे. तेव्हा शिष्यवृत्तीची लढाई आणि चुंबकाची गोष्ट या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. सातवीत ज्याच्या हाताला प्रयोगाची सवय लागली नाही, तो बारावीनंतर विज्ञानाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरणार कसा?

दुसरा आक्षेप पैशाचा येतो. केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांत अशा ५० हजार प्रयोगशाळांची घोषणा झाली. घोषणा झाली म्हणजे आमच्या वस्तीच्या शाळेत लॅब आली असे होत नाही, हे अनुभवाने आम्हाला कळते. २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा गुंडाळून समूह शाळा करण्याचा घाट घातला गेला तो याच महाराष्ट्रात. माणमधल्या किंवा जतमधल्या वाडीवरची शाळा मोडली तर मेंढपाळाची आणि ऊसतोड मजुराची पोर पाच मैलांवरच्या लॅबचे काय करणार? म्हणून वाडीवरची शाळा टिकलीच पाहिजे, विज्ञान शिकवणारा शिक्षक तिथे नेमलाच पाहिजे, ही मागणी आपण सोडता कामा नये. पण मागणी मान्य होईपर्यंत हातावर हात धरून बसण्याचेही कारण नाही. स्पीकरचे चुंबक, टाचण्या, धाटे आणि ताटभर पाणी यांना कोणाची मंजुरी लागत नाही.

तिसरी गोष्ट आक्षेपाची नाही, सावधगिरीची आहे, आणि आमच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची. गट केले की गटातही वर्णव्यवस्था शिरते. चुंबक धरतो तो चांगल्या कपड्यांतला, बोलका मुलगा. मुलीच्या वाट्याला वही येते, ‘तुझे अक्षर चांगले आहे’ म्हणून. आणि पाणी आणायला, ताट धुवायला, सांडलेले पुसायला ज्याला पाठवले जाते तो कोण असतो, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. तेव्हा नियम करा: दर पाच मिनिटांनी चुंबक पुढच्या हातात जाईल, आणि पुसण्याचे फडकेही तसेच फिरेल. शिक्षकाने घड्याळ लावून हे पाळावे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले तेव्हा सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली आणि कामेही सर्वांना वाटून दिली. ती पंगत जेवणाची होती. आता प्रयोगाची पंगत बसवायची आहे.

आमच्या सूचना थोड्या आहेत. सातारा-सांगलीतल्या बुद्धविहारांनी, समाजमंदिरांनी आणि समाजकल्याणच्या वसतिगृहांनी येत्या ७ नोव्हेंबरला भाषणांचा एक तास कमी करून हा प्रयोग ठेवावा. ३ जानेवारीला, या जिल्ह्यातल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीमाईंच्या जयंतीला, तो फक्त मुलींच्या हातून करून घ्यावा. नोकरीत असलेल्या आणि निवृत्त झालेल्या आपल्या अभियंत्यांनी, लॅब टेक्निशियनांनी, परिचारिकांनी महिन्यातून एक रविवार द्यावा; बाबासाहेबांच्या ऋणाची परतफेड वर्गणीच्या पावतीवर संपत नाही. मुलांना फक्त करायला लावू नका, विचारायलाही लावा. हा नमुना कुठे खरा आहे आणि कुठे खोटा? खऱ्या पेशी धाटाच्या तुकड्यासारख्या निर्जीव नसतात. पांढऱ्या पेशी तर स्वतःहून सरपटत जातात. हा फरक मुलाच्या तोंडून आला तर प्रयोग यशस्वी झाला असे समजा. आणि एक काळजी घ्या: बाजारात मिळणारे चिमुकले, फार जोरदार चुंबकमणी लहान मुलांच्या हाती देऊ नका. दोन मणी गिळले गेले तर आतड्याला दोन्हीकडून चिमटा बसून जिवावर बेतू शकते. स्पीकरचे मोठे चुंबकच वापरा.

वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांची शाळा दीड दिवसात संपली. तरी ते साहित्यसम्राट झाले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ज्यांची शाळा अशीच संपली आणि जे काहीच होऊ शकले नाहीत, त्यांची गणती कोणी ठेवलेली नाही. त्यांत किती संशोधक होते, किती डॉक्टर होते, कोण सांगणार? साताऱ्याच्या त्या शाळेतला मुलगा तोटीला हात लावू शकत नव्हता. सव्वीस वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, त्याने महाडच्या चवदार तळ्यात ओंजळ घातली आणि हजारो माणसांनी त्याच्यामागून घातली. पाण्याला हात लावण्याचा हक्क आपण असा मिळवला. विज्ञानाला हात लावण्याचा हक्क कागदावर आहेच. तो रोजच्या वर्गात, मागच्या बाकावरच्या पोरापोरींच्या हातात आणून देण्याचे काम आपले आहे. या ७ नोव्हेंबरला आपल्या वस्तीतल्या शाळेत जा, कपाटाची किल्ली मागा, आणि ती मिळाली नाही तर जुना स्पीकर उघडा.